गोड्या पाण्याची बाधा

लिफ्ट तळमजल्याला टेकायच्या आधी जराशी अडखळते. त्या अडखळण्यात, वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली दातांची डॉक्टर त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या बहिणीनं काल मला हसवून हसवून मारलं हो. गाल दुखायला लागले शेवटी."

त्याला बहीण नव्हती. आईबापांचा तो एकुलता एक. तसं हसतहसत सांगणारही होता, पण ती थांबली नव्हती. "म्हणजे ताईंनी. तिसऱ्या मजल्यावरच्या. तुम्ही त्यांचे दादा ना? परवा किल्लीनं दार उघडताना बघितलं तुम्हाला, तेव्हाच ओळखलं. ताई सारखं सांगत असतात तुमच्याबद्दल."

दार उघडलं. "हो," तो म्हणाला.

हो का म्हणालो, हे फाटकापर्यंत चालत जाताना त्याला कळेना. शब्दांची त्याला कधी वाण पडली नव्हती. प्रयोगशाळेत त्याला रेडिओ म्हणत, आणि या रेडिओला बंद करायचं बटणच बसवलेलं नाही असंही म्हणत, आणि तो ते स्वतःच पाहुण्यांना सांगत असे. पण आज तीन गोष्टी एकदम अंगावर आल्या होत्या, आणि त्यांतली कुठली आधी दुरुस्त करावी हे ठरेपर्यंत दार उघडून गेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरची ती बाई त्याची बायको होती. बायकोचा दादा काही वर्षांपूर्वी वारला होता. आणि बायको बोलत नव्हती. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरणीच्या डोक्यातला गोंधळ म्हणून सोडून देता आल्या असत्या. नवीन माणूस, नवीन इमारत, होतो घोटाळा. तिसरी काही केल्या सुटेना. हसवून हसवून मारलं म्हणे. घरात 'हो' होतं, 'ठेवलंय' होतं, 'आले', 'बघू' होतं. पण कर्ता, कर्म, क्रियापद असलेलं अख्खं वाक्य बायकोने आपल्याला शेवटचं कधी ऐकवलं? फुगलीये, असं तो गेले कित्येक महिने धरून चालला होता. लोकांनाही सांगायचा, "आमच्याकडे सध्या फुगा आहे, टाचणी शोधतोय." लोक हसायचे. त्याला स्वतःलाही ते वाक्य आवडायचं.

कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्याने बायकोचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. सोपी गोष्ट होती, पंचवीस वर्षांच्या वर संसार झाला होता. लग्नानंतरच्या पहिल्या घराचा जिना त्याला आठवला, जिन्याच्या वळणावर ती खरेदीची पिशवी खाली ठेवून काहीतरी सांगत होती, पिशवीतून कोथिंबिरीच्या काड्या बाहेर आलेल्या, तिच्या कपाळावर घाम, ओठ हलत होते. ती काय म्हणत होती तेही त्याला शब्दाशब्दाने आठवलं. पण ते शब्द त्याच्याच आवाजात होते. त्याने दुसरी आठवण काढली. दवाखान्यातली, त्याचं हाड मोडलं होतं तेव्हाची. ती स्टुलावर बसून त्याला रागवत होती, आणि तोही राग त्याच्याच आवाजात, थोडा थट्टेखोर, थोडा गोड. मग तो एकामागून एक आठवणी घाईघाईने उघडून बघू लागला आणि प्रत्येकीत तिचं तोंड हलत होतं नि बोलत तोच होता. बस थांबली. शेजारच्याने विचारलं, "आज रेडिओला काय झालं? खरखर पण नाही." त्यावर त्याने काहीतरी उत्तर दिलं असावं, कारण शेजारचा हसला.

त्याचं काम खडकाला काय झालं ते सांगण्याचं. जमिनीखाली खोल, जिथे तेल असतं तिथला खडक दिसायला साधा वाळूचा दगड. पण त्याच्या कणाकणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्या पोकळ्यांना जोडणारे त्याहून बारीक गळे असतात, आणि त्या सगळ्यांत तेल भरलेलं असतं. विहीर खोदताना भोकात सतत चिखल खेळवत ठेवतात. रस्त्यावरचा नव्हे, पाणी, माती, वजनासाठी दळलेला जड दगड, आणखी बरंच काही. हा चिखल खालचा भुगा वर आणतो, खोदणाऱ्या दातांना थंड ठेवतो, आणि मुख्य म्हणजे दाबून धरतो. खडकाच्या पोटात जेवढा दाब असेल त्याच्यापेक्षा चिखलाचा दाब किंचित जास्त ठेवायचा, म्हणजे खालचं तेल नि वायू उसळून वर येत नाहीत, माणसं मरत नाहीत. भल्यासाठीच असतं सगळं. पण दाब जास्त म्हटला की चिखल थोडा थोडा खडकात शिरणारच. भोकाच्या भिंतीवर त्याची साय धरते, बारीक कण आतल्या गळ्यांत जाऊन बसतात, आणि ज्या वाटेने तेल यायचं तीच वाट बुजते. विहीर पुरी होते, माणसं टाळ्या वाजवतात, झडप उघडतात, आणि येत काही नाही. तेल असतं तिथेच, दोन हातांवर. येत नाही एवढंच. प्रयोगशाळेत याला बाधा म्हणत. हा शब्द कुणी पाडला ते आता कुणालाच ठाऊक नव्हतं. इंग्रजी शब्दाचा अर्थ नुसता नुकसान असा होता. बाधेत त्याहून काहीतरी जास्त होतं. "बाधा कधीपासून आहे? किती आतपर्यंत गेलीये?" असं फोनवर बोलणं कानावर पडलं की नवीन आलेला माणूस दचकून वर बघायचा. रेडिओ मग त्याला डोळा मारून सांगायचा की मांत्रिक आम्हीच.

आणि सगळ्यांत चिवट बाधा गोड्या पाण्याची. खडक युगानुयुगं खाऱ्या पाण्यात मुरलेला असतो. त्याच्या पोकळ्यांच्या कडांना पापुद्र्यापापुद्र्याची चिकणमाती बसलेली असते, ती खाऱ्यात मुकाट राहते. चिखलातलं गोडं पाणी तिला लागलं की ती फुगते, किंवा कडेपासून सुटून गळ्यांत जाऊन बसते. "फुगली का?" बाई विचारत. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. कमी बोलणाऱ्या, चष्मा कपाळावर ठेवून तो सगळीकडे शोधणाऱ्या. "फुगली," तो म्हणायचा. "इथलीही आणि घरचीही." बाई हसायच्या नाहीत. त्या हसत नाहीत याची त्याला एरवी गंमत वाटायची. आज कपाटातून एप्रन काढताना ती आठवण नको तिथे लागली.

बायकोचा दादा मोजणीदार होता. साखळ्या, दुर्बिणी, झेंडे घेऊन ओसाड जमिनी मोजत हिंडायचा, वर्षाकाठी दोनदा बहिणीकडे यायचा. आला की मागच्या गॅलरीत बसायचा आणि बोलायचा नाही. बोलायची ती. सकाळपासून, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, सारखी. तो गुडघे छातीशी घेऊन ऐकायचा, मधून मान हलवायचा. खोलीत वर्तमानपत्र वाचणाऱ्या नवऱ्याला हे बघून हसू यायचं. हा मनुष्य आहे की टेकू, असं त्याने एकदा म्हटलंही होतं, आणि ती त्या वेळी खळखळून हसली होती. हसली होती, एवढं आठवत होतं. मग एका दुपारी फोन आला. दादा मोजणीच्या तंबूत झोपला तो उठलाच नव्हता. तिने फोन जागेवर ठेवला, अनवाणी दाराबाहेर गेली, आणि जिन्यात उभी राहून ओरडू लागली. तो आवाज त्याने त्याआधी कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. तो वरही जात होता आणि खालीही, सगळ्या मजल्यांची दारं उघडली, खालच्या मजल्यावरचं मूल रडू लागलं. त्याने मागून तिला दोन्ही हातांनी कवळून धरलं आणि तो तिच्या कानाशी बोलत राहिला. शांत हो. शांत हो ना. मी आहे ना. बघ, मी आहे ना. ती त्याच्या हातांत उसळत होती आणि त्याला खरोखरीची भीती वाटली, की ही फुटेल आणि मग आपल्याजवळ काहीच उरणार नाही. डॉक्टरांनी येऊन सुई टोचेपर्यंत तो बोलतच होता. "आता शांत राहतील," डॉक्टर म्हणाले होते, आणि तशी ती राहिली. त्यानंतर कधी संध्याकाळी तिने हातातलं काम ठेवून 'दादा ना' अशी सुरुवात केली, की तिचं पुढचं वाक्य ओठांवर यायच्या आत तो काहीतरी पुढे करायचा. अगं, आज काय गंमत झाली माहितीये? अगं, या रविवारी कुठेतरी जाऊया का? तिच्या आत जे काही होतं त्याच्यापेक्षा किंचित जास्त गोड, किंचित जास्त मोठ्याने. जिन्यातला तो आवाज पुन्हा येऊ नये एवढंच त्याला हवं होतं. आणि तो पुन्हा कधी आला नाही.

खालच्या दालनात पंप चालू होता. परवापासून एका नव्या विहिरीच्या खडकाचा तुकडा त्याच्याकडे होता, अंगठ्याहून थोडा जाड, बोटाएवढा लांब. अशा तुकड्यावर लाल पेन्सिलीने बाण काढलेला असतो, बाणाचं टोक विहिरीच्या बाजूला. रबरी नळीत, पोलादी नळकांड्यात तो आवळून बसवायचा, आधी बाणाच्या दिशेने तेल सोडून किती सहज येतं ते मोजायचं, मग टोकाच्या बाजूने चिखल दाबून रात्रभर ठेवायचं, मग वरची साय खरवडून पुन्हा बाणाच्या दिशेने तेल सोडायचं. पहिल्याच्या मानाने दुसऱ्या वेळी किती आलं, तो परतावा. साय त्याने आल्याआल्या खरवडली. बोटांना ती थंड आणि गुळगुळीत लागली. तुकडा बसवून त्याने झडप उघडली आणि तो स्टुलावर वाट बघत बसला. या वाट बघण्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. लोकांना पकडून गप्पा मारायची ती वेळ असे. आज दालनात कुणी नव्हतं. पंप एक दम घेई आणि सोडी. दगडाच्या आत काहीतरी सरकत होतं, दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, तरी सरकत होतं, आणि त्याला वाटलं की आपण इतकी वर्षं दगडाच्या तोंडाशी बसतो, पण त्याच्या बाजूने आपण कसे दिसत असू हे कधी मनात आलं नाही. दगडाला काय कळणार? एक थंड, जड, गोडसर काहीतरी सारखं दाबत येतं, आणि ते म्हणतं की मी आहे ना.

तेल आलं. भराभर आलं, थेंब मोजायची गरज पडू नये असं. त्याने आकडे केले तर परतावा जवळजवळ पूर्ण होता. इतका आनंद त्याला झाला की तो दालनातून ओरडतच बाहेर आला. "बाई, बाधाच नाही! गोडं पाणी असून बाधा नाही!" खोदकाम खात्याचा प्रमुख तिथेच बसला होता. त्याला सगळे गिरमिट म्हणत, कारण त्याचा धंदा भोकं पाडण्याचा होता आणि तो डोक्यालाही तेच करी. "म्हणजे माझा चिखल चालेल," गिरमिट उठतच म्हणाला. बाई चष्मा शोधून, लावून, खाली आल्या. नळकांडं उघडून त्यांनी तुकडा बोटांत धरला.

"बाण बघा," त्या म्हणाल्या.

बाण उलटा होता. साय खरवडून झाल्यावर तुकडा परत बसवताना त्याने तो उलटा बसवला होता, आणि तेल विहिरीकडे येण्याऐवजी विहिरीपासून लांब, खडकाच्या आत गेलं होतं. बावीस वर्षांत त्याच्या हातून हे झालं नव्हतं.

"पण आलं तर खरं, किती मोकळं आलं," तो म्हणाला.

"पलीकडे गेलं," बाई म्हणाल्या. "सगळे खडक असं करत नाहीत. याच्यात कण सुटलेत. पलीकडे ढकललं की बाजूला होतात, वाट देतात. इकडे यायला लागलं की येऊन गळ्यात बसतात. पुन्हा लावा, सरळ."

त्याने तुकडा सरळ लावला. पहिले काही थेंब आले. मग त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं. मग नळीच्या तोंडाशी एक थेंब तयार झाला आणि पडेना. तिघेही त्याच्याकडे बघत राहिले. तोच दगड, तेच तेल. लांब जाताना सगळं मोकळं, आणि आपल्याकडे येताना काही नाही. डॉक्टरीणबाईंचे गाल दुखले होते.

गिरमिट वैतागला. "बाई, खाली माणसं मी उभी करतो. दाब कमी केला नि विहीर उसळली, तर तुम्ही येणार आहात धरायला?"

"दाबा. दाबायलाच हवं. पण भीती वाटते तेवढं दाबू नका, लागतं तेवढं दाबा. आणि गोडं पाणी नको, मीठ घाला. त्याच्या ओळखीचं पाणी द्या त्याला."

"मला शांत विहीर हवीये."

"मग मारून टाका," बाई म्हणाल्या. यात वावगं काही नव्हतं. जड पाणी काठोकाठ भरून विहीर गप्प केली, की खोदकामवाले विहीर मारली असंच म्हणतात, कागदावरसुद्धा तसंच लिहितात. पण त्याला एकदम डॉक्टरांची सुई आठवली, आणि सुईनंतरचा तिचा चेहरा, आणि त्या चेहऱ्याकडे बघून आपण सुटकेचा श्वास टाकला होता तोही आठवला. गिरमिट पाय आपटत गेल्यावर तो बाईंच्या मागोमाग जिना चढला.

"बाई, एकदा झाली बाधा, की मग?"

"तुम्हाला ठाऊक नाही होय?" पण त्याचा चेहरा बघून त्या पायरीवर थांबल्या. "वरचा दाब उतरवायचा. आणि आपण काही करायचं नाही. आतून रेटा असेल तर तो स्वतःच ढकलत आणतो."

"आणि काय येतं?"

"आधी आपलंच येतं. आपण घातलेलाच चिखल येतो, घाण, काळा. लोक घाबरून झडप बंद करतात तेव्हा." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्ही घरी जा आज. तब्येत बरी दिसत नाही."

दुपार अजून पुरती उतरली नव्हती. या वेळी तो घरी कधीच आलेला नव्हता, त्यामुळे इमारतीचा जिना वेगळा वाटत होता, भिंतींवर भलत्याच जागी ऊन होतं. लिफ्टने न जाता तो चढत गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याला आवाज ऐकू आला आणि पाय जागच्या जागी थांबले. एक बाई बोलत होती. भरभरून, मधेच स्वतःच हसत, मधेच आवाज बारीक करून कुणाची तरी नक्कल करत. छान आवाज होता, थोडा जाडसर, कडेला किंचित चिरलेला. कोण असेल बरं, असं त्याच्या मनात येऊनही गेलं. मग त्याने ओळखलं. सकाळपासून तो हाच आवाज शोधत होता. आपल्या दाराशी येऊन तो कान न लावताही ऐकू शकत होता.

"दादाचं काही विचारू नकोस," बायको म्हणत होती. "किल्ली कुठे ठेवतो त्याचं त्यालाच माहीत नसतं. कामावरून आला की कोपरापर्यंत हात धुतो. तरी वास जात नाही त्या चिखलाचा. मी म्हणते, असू दे, त्या वासानं घरात कुणी आल्यासारखं वाटतं."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत धुतलेले होते. दादा जमिनी मोजायचा. दादाच्या हाताला उन्हाचा वास असे.

"आणि मिस्टर?" डॉक्टरणीने विचारलं. जरा जपून विचारलं.

"ते फार बोलायचे," बायको म्हणाली. "फार गोड बोलायचे गं. तुला सांगते, शेवटी शेवटी मला त्यांचे शब्द ऐकू यायचेच नाहीत. नुसता आवाज यायचा. पाणी सोडून ठेवल्यासारखा." आणि त्या बाईने, त्याच्या बायकोने, त्याची नक्कल केली. "अगं, आज काय गंमत झाली माहितीये?" हुबेहूब तो. डॉक्टरीण हसली. दाराबाहेर उभं राहून त्यालाही, देवाशपथ, हसू आलं.

पळून जावं असं त्याला वाटलं. खाली जाऊन, चारदा खोकून, नेहमीच्या वेळी वर यावं. पण किल्ली कुलपात गेली होती. कुलूप वाजल्याबरोबर आतला आवाज थांबला. कमी होत होत नव्हे, मधल्या शब्दात. दार उघडलं तर टेबलावर दोन कप, डॉक्टरीण पदर सावरून उठत होती आणि बायको हात मांडीत ठेवून बसली होती, डोळे खाली. "या दादा," डॉक्टरीण म्हणाली. "तुमचंच चाललं होतं." त्याने बायकोकडे पाहिलं. आता ती सांगेल, असं त्याला वाटलं. लाजेल, हसेल, म्हणेल, अगं हे माझे मिस्टर. तिने काहीच दुरुस्त केलं नाही. डॉक्टरीण चपला घालून वर निघून गेली.

बायको कप घेऊन आत गेली. तो खुर्चीत बसला आणि त्याच्या तोंडात वाक्यं गोळा होऊ लागली. काय गं, मी कधीपासून तुझा दादा झालो? हे चांगलं होतं, हसण्यासारखं होतं, हे म्हणता आलं असतं. किंवा डॉक्टर फार गोड आहे नाही? किंवा आज लवकर सुटलो, चल कुठेतरी जाऊ. किंवा मग सरळ फोन उचलून त्या जुन्या डॉक्टरांना सांगावं की हिला पुन्हा काहीतरी होतंय, या एकदा, सुई घेऊन या. नंबर पाठ होता. एकेक वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि प्रत्येकाच्या मागून दुसरं त्याला ढकलत होतं, जबडा दुखू लागला, कानांत दाब भरला. बोलण्याची तहान लागते हे त्याला प्रथमच कळत होतं. त्याने दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या आणि तो गप्प राहिला.

ती बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिचे खांदे किंचित वर उचललेले होते, मान आखडलेली, डोळे बारीक. भांडं पडणार हे दिसल्यावर माणूस आवाजाआधीच अंग चोरतो तशी ती उभी होती. किती वर्षं ती आपल्यासमोर अशी उभी राहत आली असेल, आणि आपण त्याला फुगणं म्हणत आलो. त्याला रडू आलं आणि तेही त्याने आत ठेवलं, कारण त्याचं रडणंही बोलण्याच्याच जातीचं निघालं असतं. ती वाट बघत होती. आवाज येईना. फ्रिज एकदा थरथरून बंद पडला. मग हळूहळू, अगदी दिसेल न दिसेल असे, तिचे खांदे खाली आले. ती त्याच्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसली.

"दमलास?" ती म्हणाली.

दमलास. दमलात नव्हे. पंचवीस वर्षांत ती त्याला अहो म्हणत आली होती, भांडणातही, दवाखान्यातही, एकदाही चुकली नव्हती. त्याने मान हलवली.

आणि ती बोलू लागली. आधी काहीबाही, नळाच्या वॉशरचं, डॉक्टरणीच्या सासूचं, वाळत घातलेली चादर उडून खालच्यांच्या गॅलरीत कशी गेली त्याचं. तो मान हलवत होता. तिचा आवाज त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता, त्याच्याकडे येत होता, आणि इतका सुंदर होता की त्याला घाम फुटला. खिडकीतलं ऊन तिच्या गुडघ्यांवरून जमिनीवर उतरलं. मग ती थांबली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"दादा," ती म्हणाली, "ते गेल्याचं मी अजून कुणाजवळ बोलले नाही रे. मला कुणी रडूच दिलं नाही."

मी आहे ना, हे शब्द त्याच्या दातांमागे येऊन उभे राहिले. तीनच शब्द होते. ते म्हटले असते तर ती शुद्धीवर आली असती, किंवा जिला लोक शुद्ध म्हणतात तिथे आली असती. 'हो' म्हणाली असती, उठून दिवा लावला असता, आणि हा आवाज पुन्हा कधी इकडे आला नसता. त्याला तिचा नवरा व्हायचं होतं, आत्ता, या क्षणी. पण त्या नवऱ्याजवळ ती बोलणार नव्हती. बोलणार होती ती या समोरच्या माणसाजवळ, आणि हा माणूस तो नव्हता. मग, कमीत कमी जागा घेईल अशा आवाजात, त्याने विचारलं, "कसे गेले?"

तिने वर पाहिलं. डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. "तुला कुणी सांगितलंच नाही?" ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून, त्याचा हात हातात घेऊन, त्याच्याच मरणाची गोष्ट त्याला पहिल्यापासून सांगू लागली.